एक्केचाळिसावा पत्ता

“एक माणूस कमी आहे,” ललिताबाई म्हणाल्या.

परळच्या ऑफिसात संस्थेचे सगळे मेल नव्या सामायिक सर्व्हरवर हलवून मी मोठ्या ऐटीत बसलो होतो. देणगीदार, स्वयंसेवक आणि बॉम्बे ब्लड ग्रुपचे रक्तदाते, तिन्ही याद्या एका जागी. एक मेल टाकला की यादीतल्या सगळ्यांना पोचतो. हा रक्तगट हजारोंत एखाद्याचा. आमच्याकडे एक्केचाळीस होते. बाळंतपणाला आलेल्या एका मुलीचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं, दोन बाटल्या हव्या होत्या. मुंबईतल्या बहुतेकांनी गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. सकाळपासून होकार एकही नव्हता.

“एक पत्ता मेलेला होता. मेल परत येत होते, म्हणून सर्व्हरने आपोआप काढला. राजाराम परब,” मी ऐटीतच सांगितलं.

रक्तपेढीत तीस वर्षं काढलेल्या ललिताबाईंनी चष्मा खाली ठेवला. “गौतम, अरे, तो चांगला जिवंत आहे. त्याचे दोन धाकटे भाऊ त्याच ग्रुपचे. ते मेल-बिल बघत नाहीत, नंबरही देत नाहीत. तोच त्यांना घेऊन येतो. तू एक काढलास, माझे दोन गेले.”

बारा वर्षांपूर्वी माझ्या आईला याच यादीतून रक्त मिळालं होतं. कोणाचं, ते संस्था सांगत नाही. म्हणून तर रविवारी फुकट काम करायला येतो, आणि करून ठेवलं हे.

राजारामांचा जुना फोन लागेना. मी तडक डिलाईल रोडला त्यांची खोली गाठली. काका दारात लसूण सोलत बसले होते.

“माझा नाव काढलंस?” त्यांचा चेहरा पडला. “माका वयामुळे रक्त देऊक जमणा नाय. पण भावांका मीच आणतंय मां.”

नातवाच्या गणपतीतल्या नाचाच्या व्हिडिओंनी त्यांचा मेल तुडुंब भरला होता. भरलेल्या घराला आमचा शहाणा सर्व्हर मेलेलं समजला होता. काकांनी एकेक व्हिडिओ पुन्हा पाहून पुसला आणि भावांना फोन लावला. “निघा दोघव. कामाचा मागसून बघू.”

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. आईला दिलं ते याच हाताने का, असं विचारावंसं वाटलं. पण नियम आठवला. “काका, थँक्यू,” एवढंच म्हणालो.

“कसला थँक्यू? चाय पी.”

पासष्टीपुढचं नाव खरं तर यादीत ठेवायचं नसतं. मी ते परत घातलं. ललिताबाईंनी पाहिलं आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादीवर कळवलं: दोन्ही बाटल्या मिळाल्या, बाळ-बाळंतीण सुखरूप. पाच मिनिटांत राजारामांचं उत्तर आलं. उत्तरं सगळ्यांना जाणं बंद करायला मी विसरलो होतो, त्यामुळे ते एक्केचाळीस जणांना गेलं.

“चेडू की झील?”

ललिताबाईंनीही मग सगळ्यांनाच लिहिलं, “मुलगी. पावणेतीन किलो.”