लुपिनच्या आडोशाला

एर्मेलिंदोच्या मक्यात औषधालाही तण सापडायचं नाही. त्यामुळे त्याची वहिनी सेनोबिया गावाच्या डोंगरावर पाइनची रोपं लुपिनच्या झुडपांत लावते, हे त्याच्या डोळ्यांत खुपायचं. याआधी उघड्यावर लावलेली रोपं दोनदा मेली होती. तिसऱ्यांदा मेली तर तो उतार अ‍ॅव्होकॅडोच्या बागेला द्यायचा, असं गावसभेत ठरलेलं. तसं झालं तर जंगलही जाणार आणि त्याखालचा झराही.

"वहिनी, पाइन लावलेत की तण पोसताय?"

"भावोजी, तुम्ही आपला मका बघा."

खरं तर ते झुडूप कौतुकाचंच. कोणी पेरलं नाही, कोणी पाणी घातलं नाही, तरी ज्वालामुखीच्या राखेत पुरुषभर वाढायचं आणि निळ्याजांभळ्या तुऱ्यांनी उतार भरून टाकायचं. वर त्या निकस मातीला कस आणायचं. पण एर्मेलिंदोला ते कोण सांगणार?

पाऊस सरल्यावर सेनोबिया लेकीच्या बाळंतपणाला गेली. गावकामाच्या दिवशी एर्मेलिंदोने दहा गडी वर नेले आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या उतारावरचं लुपिन कापून काढलं. वाईट हेतू नव्हता हो, रोपांना मोकळी हवा मिळावी एवढंच. सेनोबिया परतली, वर जाऊन बघते तो काय, अर्धा उतार उघडाबोडका!

"लेकरांची आई कापलीत, भावोजी," एवढंच म्हणाली.

एर्मेलिंदो चांगलाच दुखावला.

जानेवारीत दव गोठलं. सकाळी तो वर गेला. त्याने साफ केलेल्या अर्ध्यात रोपं तांबडी पडून मेली होती. उरलेल्या अर्ध्यात लुपिनचे शेंडे काळेठिक्कर झाले होते. त्याने फांदी बाजूला केली. खाली वीतभर पाइन हिरवागार. दुसरी केली, तिथेही तेच. सगळं हिव त्या झुडपाने अंगावर घेतलं होतं. एर्मेलिंदोने टोपी काढली.

सभेत बागवाले म्हणाले, "अर्धी मेली. ठरल्याप्रमाणे उतार द्या."

एर्मेलिंदो उठला. "मेली नाहीत, मी मारली. वहिनीने झुडपांत राखलेलं एकही रोप गेलेलं नाही. माझ्या अकलेची शिक्षा डोंगराला कशाला?"

मग हात मोजायची वेळ आली. उतार जंगलालाच ठेवा म्हणून सगळ्यांत आधी वर गेले ते कोयते चालवणाऱ्या दहा जणांचे हात. त्यांच्यामागून अख्खं गाव.