बादलीतला गाळ

भाऊरावांनी लांब नळी नदीच्या तळात खुपसून गाळ काढला, उभा चिरला आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडला. खाली आजोबांच्या काळची स्वच्छ पिवळी माती. वर, रंगाचा कारखाना आला तेव्हापासूनची काळी, तेलकट राड, सडक्या अंड्यासारखी घाणणारी. जितकं वर, तितकं शिसं जास्त. माशांच्या कलेजीतही तेच शिसं. ती चिरून चिरून भाऊरावांनी मासा खाणंच सोडलं होतं. घरी कारण सांगितलं नाही. बायकोला, सत्यवतीला, वाटलं, नवस असेल.

प्रत्येक थर वेगळा तपासायचा, ही रीत. पण प्रमुख बापूसाहेब पान चघळत म्हणाले, "भाऊरावजी, इतके थर कशाला? सगळा गाळ एका बादलीत कालवा, सरासरी काढा. मासेही वरच्या धरणातले मिसळा. वो भी तो इसी नदी के हैं ना!"

भाऊरावांना शिसारी आली, त्या राडीची आणि त्या पानाच्या तोंडाचीही. घाण कालवली म्हणून कमी होत नाही, चांगली मातीच बाटते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बढती बापूसाहेबांच्या हातात होती. भाऊरावांनी नाक दाबलं, बाही सारली आणि कालवलं. मासळी खाण्याजोगी ठरली. पेपरात ती बातमी आली, सोबत भाऊरावांचा फोटोही.

पुढं एका शनिवारी ऑफिस लवकर सुटलं. भाऊराव भर दुपारी गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी आले, तर दारातच तळणीचा वास. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, इंदिरा, रोहूचा रस्सा ओरपत बसली होती.

"कुठला मासा हा?"

"आपल्या नदीचाच," सत्यवती म्हणाली. "पोटुशीचे डोहाळे अडवले तर लेकराची लाळ गळते म्हणतात. तुमचा नवस ना, म्हणून तुम्ही गेल्यावर शिजवते मी."

भाऊरावांनी ताट हिसकावलं. रस्सा मोरीत ओतला.

"थू! विष आहे ते, इंदे! शिसं आहे त्यात!"

"काहून बाबा? महिनाभर खाऊन राहिली मी. तुमचा फोटो पाहूनच तर आई आणून राहिली."

"पेपरातलं खोटं होतं."

रश्शानं माखलेला हात इंदिरानं तसाच पोटावर ठेवला.

"मग तुम्ही तसं काहून सांगितलं, बाबा?"