निळं बूच

"इथं माणसापेक्षा चिखलाची बडदास्त जास्त," काका पुटपुटले. "त्याला बारमाही गारवा, आणि आम्हाला सर्दी."

कानटोपी, मफलर, दोन स्वेटर असा सगळा सरंजाम चढवून ते थंड कोठीच्या दारात उभे होते. जहाजावरची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण मावशीचा डबा घेऊन ते रोज प्रयोगशाळेत येत. डबा दिला की परत जायचं मात्र विसरत.

"दार लावा काका, गारवा पळतोय," भाची मान वर न करता म्हणाली.

तिच्यापुढं चिखलाची नळी आडवी पडली होती. समुद्राच्या तळातून असा चिखल लांबच लांब नळीतून वर ओढतात आणि डेकवरच तिचे तुकडे करतात; त्या तुकड्यांनाही नळ्याच म्हणायचं. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला निळं बूच, खालच्याला पांढरं. मग प्रत्येक तुकडा काकडीसारखा उभा चिरायचा. एक अर्ध कामाचं, ज्याला जो हवा तो नमुना त्यातून खरवडून घेतो. दुसरं अर्ध राखीव. त्याला कोणी बोटही लावत नाही, आणि त्याच्या कपाटाची किल्ली मावशीकडं.

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात," काका म्हणाले. "तुम्ही मावशी-भाची सकाळपासून तेच करता. ऋषी तेवढा राहिलाय."

"ऋषी तुम्हीच की. तुमचं कूळ विचारायची हिंमत आहे का कोणाची?"

काका खूश होऊन गेले. भाचीनं पुन्हा नळीवर बॅटरी धरली.

मातीचं कूळ शोधणं हेच तिचं काम. तांबडा चिखल डोंगरातून नदीनं आणलेला, करडा म्हणजे पलीकडच्या कोरड्या मुलखातून वाऱ्यानं उडवलेली धूळ. तांबडं दिसलं की नदी वाहत होती. करडं दिसलं की ती आटली होती आणि वाऱ्याचं राज्य होतं. मावशीनं तरुणपणी या नळ्या खालून वर वाचल्या होत्या. करडं, मग थोडं तांबडं, परत करडं, मग तांबडं. म्हणजे दुष्काळ पडला, नदी परत आली, चार दिवस वाहून तिनं फसवलं, आणि दुसरा दुष्काळ पडला. हा दुसरा दुष्काळ पाठ्यपुस्तकात गेला. मावशीलाही माघारी तेच नाव पडलं. 'आज दुसरा दुष्काळ रजेवर आहे, चहा सावकाश होऊ दे,' असं बिनधास्त चालायचं.

ते मधलं तांबडं आणि नंतरचं करडं, दोन्ही तिसऱ्या नळीत होती. त्याच नळीत वाळूची एक रेघ होती. मोठ्या वादळात एका दमात येऊन पडलेली वाळू. अशा वाळूत जाड दाणे आधी तळाशी बसतात आणि बारीक नंतर वर. बादलीत माती ढवळून ठेवली तरी दिसतं. या नळीत जाड दाणे वर होते. नळी उलटी धरली तर करडं करड्याला जुळत होतं आणि तांबडं तांबड्याला.

कामाच्या अर्ध्यातली रेघ इतक्या जणांनी कोरली होती, की उरलं होतं ते कसर लागलेल्या साडीच्या काठासारखं. त्यावरून वाद घालता आला असता. निकाल लागला नसता.

"दिसलं ना?" मागून भिंगवाली म्हणाली. ती आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली, तेच तिचं नाव झालेलं. "मलाही दिसलं होतं. माझ्या आधीच्यांनाही. बघायचं आणि झाकण लावायचं, ही इथली रीत."

"का?"

"बूच कोणी लावलं होतं?"

हे तर घरातलं शेंबडं पोरही सांगेल. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात काका ती गोष्ट सांगत. "जहाज असं कलंडलेलं! एका हातात कठडा, दुसऱ्या हातात नळी, आणि निळं बूच दातात! पण लावलं. त्या दिवशी डेकवर माझ्याशिवाय कोणी उभं नव्हतं." त्याच सफरीत मावशीनं त्यांना होकार दिला होता.

भाची तडक मावशीच्या खोलीत गेली.

"तिसऱ्या नळीचं राखीव अर्ध उघडायचंय."

"राखीव म्हणजे राखीव." मावशीनं डब्याचं झाकण लावलं. "ती नळी वगळ. बाकीच्यांवर प्रबंध होतो तुझा."

"वगळणार नाही."

"मार्गदर्शक म्हणून सांगतेय."

"मग भाची म्हणून ऐकत नाहीये."

"घरी ये, मग बघते तुला."

"येते. तिथंही हेच विचारीन."

"आईवर गेलीस अगदी."

"आई म्हणते, हा हट्ट तुझ्याकडून आलाय."

मावशीला हसू आलं, पण ते ओठांतच राहिलं. "काय मागतेयस, कळतंय का तुला?"

"कळतंय. तुझं पुस्तकातलं पान."

"पान?" मावशी खिडकीकडं वळली. "पानाचं काय घेऊन बसलीस!"

खाली आवारात काका दोन नव्या मुलींना काहीतरी सांगत होते. एक हात हवेतल्या कठड्याला घट्ट धरलेला, दात आवळलेले.

भाचीनं तिकडं पाहिलं. तरी ती बोललीच. "मला काकांना दुखवायचं नाही. पण नदीला फसवी ठरवून मी सही करणार नाही. ती परत आली होती, मावशी. आणि राहिली होती."

किल्ली मिळाली नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सभागृहात मावशीची खुर्ची रिकामी होती. भाचीनं नळ्या एकेक करून मांडल्या आणि तिसरीपाशी थांबली.

"या नळीचं राखीव अर्ध उघडल्याशिवाय मी निष्कर्ष सांगणार नाही. नापास करायचं तर करा."

बाहेरून आलेले परीक्षक खाकरले. "पण अडचण काय आहे?"

भिंगवाली नखं बघत बसली. भाचीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाहेर ढकलगाडी कुरकुरली.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा, बाळंतीण आलीय!" काका नळीवर हात ठेवून गाडीबरोबर चालत होते. गाडी मावशी ढकलत होती. तिनं भाचीकडं पाहिलंसुद्धा नाही. टेबलापाशी येऊन तिनं नळीवरचा प्लास्टिकचा कागद एका झटक्यात ओढला.

वाळूची रेघ जशीच्या तशी होती, कोणाचा हात न लागलेली. जाड दाणे निळ्या बुचाच्या बाजूला.

काकांनी चष्मा वर ढकलला आणि ते वाकले. जन्मभर चिखल ओढलेला माणूस, त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी टोकाला चिकटलेलं निळं बूच धरलं आणि ओढलं. निघेना. मावशीनं नळीचं दुसरं टोक दाबून धरलं. बूच निघालं. काका टेबलाला वळसा घालून गेले आणि दुसऱ्या टोकाचं पांढरं काढून त्यांनी तिथं निळं बसवलं.

"वादळ होतं गं," ते म्हणाले.

"होतंच. मी होते ना तिथं." मावशीनं त्यांचा मफलर सारखा केला. मग ती सभागृहाकडं वळली. वर्गात शिकवताना असायचा तोच आवाज, तीच ताठ मान.

"लिहून घ्या. दुसरा दुष्काळ कधी पडलाच नव्हता."