बुधवारची साक्ष

आभाने आप्पांचा उजवा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणा."

"काय म्हणू?"

"आज मी जगनला, त्याच्या आईवडिलांना किंवा त्याच्या आजीला एकही प्रश्न विचारणार नाही."

आप्पांनी शब्दन् शब्द म्हटला, तोही कोर्टात शपथ घेतात तशा चालीवर, आणि हात काढून कोटाची बटणं लावायला घेतली. एवढ्या सहज कबूल झाले की सुनंदाबाईंना तिथेच संशय यायला हवा होता. पण त्या स्वयंपाकघरात खाजाचे कानवले तळत होत्या, आणि कढईपुढे उभं असताना बाईमाणसाला नवऱ्यावर लक्ष ठेवायला सवड कुठली?

आप्पा म्हणजे कमलाकर टिपणीस, वय वर्षं एकोणऐंशी, अलिबागच्या जिल्हा कोर्टाचे एके काळचे सरकारी वकील. उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. भलेभले दरोडेखोर पिंजऱ्यात त्यांच्यापुढे घामाघूम झालेले लोकांनी पाहिले होते. आणि हाच माणूस संध्याकाळी घरी आला की कोट खुंटीला अडकवून पोरींच्या वेण्या घालायला बसे. मुंबईला हायकोर्टात बोलावणं आलं तेव्हा त्यांनी घरात विचारलंसुद्धा नाही, परस्पर नकार कळवून टाकला. कारण काय, तर सकाळी धाकटीला भरवणार कोण! निवृत्त होऊन पनवेलला आले, पुढे मुलगा आणि सून दोघंही मुंबईला नोकरीला जाऊ लागले, आणि त्यांची तीन महिन्यांची आभा आप्पांच्या मांडीवर आली. ती काही तिथून उतरली नाही. वडाळे तळ्याच्या काठाने तिला सायकल शिकवताना पासष्टीचा हा म्हातारा मागून धावताना सगळ्या गावाने पाहिलेला आहे.

तर अशा माणसापुढे नातीसाठी स्थळ यायचं म्हणजे त्या मुलाच्या नशिबातच काहीतरी खोट असली पाहिजे. पहिला आला तो पुण्याचा इंजिनिअर. आप्पांनी गोड बोलत बोलत त्याला तारखांमध्ये असा काही पकडला की तो शेवटी स्वतःच्याच मुंजीचं साल चुकला. दुसरा ठाण्याचा, बँकेतला. त्याच्या वडिलांनी तर चहा अर्धा टाकूनच चपला घातल्या. दोन्ही वेळा सुनंदाबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

तिसरा मात्र आभाने स्वतः निवडला होता. जगन. न्हावा शेव्याला बंदराच्या ऑफिसात तिच्याच समोरच्या टेबलावर बसणारा, उरणजवळच्या करंज्याचा कोळ्याचा मुलगा. जातीवरून टिपणिसांकडे थोडी कुजबुज झाली, पण मासळीवर जीव टाकणाऱ्या घरात ती किती दिवस टिकणार? खरी धास्ती एकच होती, आप्पांची. ते बसले प्रश्न विचारायला, की हेही स्थळ मोडलंच. म्हणून ही शपथ.

आणि शपथ आप्पांनी एवढ्या सहज घेतली, कारण त्यांचं काम आधीच उरकलं होतं.

बुधवारी पेन्शनच्या कागदाचं निमित्त सांगून ते एस्टीने उरणला गेले होते. बाजारात एका ठसठशीत कोळणीपुढे उकिडवे बसले आणि पापलेटं उलटसुलट करत करत करंज्याच्या काशिरामच्या मुलाची चौकशी सुरू केली. बाई तोंडाची फटकळ. तिने जगनची पार सालटी काढली. पोरगा आळशी आहे, रविवारी आठपर्यंत लोळतो. तापट आहे, बोंबील कुरकुरीत नसले की ताट सरकवतो. विसराळू तर इतका की दर पावसाळ्यात दोन छत्र्या हरवतो. कानाशी रेडिओ लावल्याशिवाय झोपत नाही. वर तिने सल्लाही दिला: असल्या घरात पोरगी देऊ नका, बाबा. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, पापलेटं बांधून घेतली आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "रविवारी बोलावून घ्या मंडळींना."

शिमगा नुकताच होऊन गेला होता. चारच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. आधी जगन उतरला, मग त्याचे आईवडील, आणि सगळ्यांत शेवटी, हिरवं लुगडं आणि बोटभर जाडीच्या सोन्याच्या पाटल्या सावरत, जगनची आजी सोनाबाई. आप्पांनी हात जोडले. तीच ती बुधवारची कोळीण. सोनाबाईंनीही त्यांना क्षणभर न्याहाळलं आणि काही न बोलता आत येऊन बसल्या.

आभाच्या आईवडिलांनी सगळ्यांना बसवलं. कानवले झाले, चहा झाला. उन्हाळ्याबद्दल बोलून झालं, पळस्प्याला गाड्यांची किती गर्दी होते तेही बोलून झालं. आप्पा तोंड मिटून बसले होते. आभा अधूनमधून त्यांच्याकडे बघत होती आणि ते शहाण्या मुलासारखे मान हलवत होते. जगनने आल्यापासून चकार शब्द काढला नव्हता. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आभाचे खांदे हळूहळू सैल झाले.

तेवढ्यात सोनाबाईंनी कप खाली ठेवला.

"साहेब, बुधवारी पापलेट कसं होतं?"

सुनंदाबाईंच्या हातातलं ताट तिथल्या तिथे थांबलं. बुधवारचं पापलेट त्यांनी स्वतः भरून केलं होतं, आणि ते पेन्शन ऑफिसातल्या कुणा ओळखीच्याने दिलं, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. आभाचा चेहरा पांढराफटक पडला. तिला सगळं एका क्षणात कळलं, कारण शेवटी नात कुणाची! तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि ते बघून आप्पांना पन्नास वर्षांत पहिल्यांदा आपण पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटलं.

"ताजं होतं," ते म्हणाले.

मग सोनाबाईंनीच सगळ्यांना हकिगत सांगितली. हा म्हातारा कसा येऊन बसला, त्याने कसं खोदून खोदून विचारलं, दुसऱ्याच प्रश्नाला हा मुलीकडचा हे आपण कसं ओळखलं, आणि मग नातवाबद्दल वाटेल ते कसं सांगत सुटलो. सांगताना त्यांना ना खंत, ना खेद. जगन आजीकडे आ वासून बघत राहिला. काशिराम, जगनचे वडील, खाली मान घालून आपल्या टोपीची घडी घालू लागले.

"आता मी विचारते," सोनाबाई म्हणाल्या. "एवढं वंगाळ सांगितलं मी. तरी तुमी आमाला घरात बोलावलंत. कशापायी?"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला. पुसून झाल्यावरही तो डोळ्यांवर न चढवता हातातच धरून ठेवला.

"बाई, तुमची साक्ष मी ऐकली, पण मानली नाही. बोंबील कुरकुरीत नसले की तो जेवत नाही, हे कुणाला माहीत असतं? जी रोज तळून घालते तिला. रेडिओ लावून झोपतो, हे ठाऊक कुणाला? जी झोपल्यावर तो बंद करते तिला. आजी आहात हे मी तिथेच ओळखलं. आणि खोटं का बोलताय, तेही ओळखलं."

"का बोलले मी?"

"नातू हातचा जाऊ नये म्हणून." आप्पांनी हातातला चष्मा बोटांत फिरवला. "मला कसं कळणार नाही? मीही तेच केलंय. दोनदा. तो पुण्याचा मुलगा चांगला होता. ठाण्याचा तर फारच चांगला होता. मला त्या दोघांत काही म्हणता काही सापडलं नाही. सापडेना, म्हणून मी प्रश्न वाढवत गेलो."

सुनंदाबाई हातातलं ताट घेऊनच खुर्चीवर टेकल्या. सोनाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि, पुसताना कोणी बघितलं की काय म्हणून, आजूबाजूला रागाने नजर फिरवली.

आभा उठून आप्पांपुढे येऊन बसली.

"मग या वेळी का नाही मोडलंत?"

"त्या दोघांच्या वेळी मी प्रश्न विचारत होतो आणि तू आत खुदुखुदु हसत होतीस. मला ऐकू येत होतं. मला वाटलं, चला, हिलाही इतक्यात जायचं नाहीये. या वेळी त्याचं नाव सांगताना तुझा आवाज कापला. त्याच्यापुढे मला दुसरा पुरावा नको होता."

आभाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आप्पांनी तिची वेणी हातात घेतली आणि सवयीने तिचा सुटलेला पेड पुन्हा घालू लागले. मग सुनंदाबाईंना एकदम हसू फुटलं. त्यांच्या हसण्याने काशिराम हसले, जगनची आई हसली, आणि बघता बघता सगळी खोली हसायला लागली. भरलेल्या पापलेटाबद्दल फसवल्याचं आपण नंतर बघून घेऊ, असं सुनंदाबाईंनी तेवढ्यात बजावलंही.

कानवल्यांचं दुसरं ताट आलं तेव्हा सोनाबाई आपली खुर्ची ओढून आप्पांच्या अगदी शेजारी आल्या. बाकीची मंडळी वैशाखातल्या लग्नाला हॉल कुठला घ्यायचा त्यावर तावातावाने बोलत होती. सोनाबाई हळू आवाजात म्हणाल्या,

"साहेब, वैशाख म्हंजे लईच घाई होते, नाय का? तुळशीच्या लग्नानंतर बघू या का?"

"मीही तेच म्हणणार होतो," आप्पा म्हणाले. "खरं तर माघ जास्त सोयीचा."

"माघच बरा."

"वैशाखात," जगन म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच बोलला, आणि इतक्या ठणठणीत आवाजात, की दोन्ही म्हाताऱ्यांनी चोरी पकडल्यासारख्या माना खाली घातल्या.