बटाट्याच्या तोंडातली कडी

मी कडी बोलतेय. दाराची नव्हे, लगामाची. घोड्याच्या तोंडात जिभेवर आडवी बसते ना, ती मी. पोलादाच्या दोन कांड्या, मधोमध एक सांधा आणि दोन्ही टोकांना एकेक गोल रिंग, एवढाच माझा संसार. रिंगांना चामड्याच्या वाद्या बांधतात आणि वाद्यांची दुसरी टोकं स्वाराच्या हातात असतात. स्वार ओढतो, मी दाबते आणि घोड्याला कळतं की वळायचं की थांबायचं. ओढायचं की नाही, हे मला कुणी विचारत नाही.

माझा जन्म एका म्हाताऱ्या लोहाराच्या हातचा. मला बाजारासाठी घडवलं नव्हतं. माझं माप घ्यायला तो स्वतः तबेल्यात आला होता. दोरीला गाठी मारून त्याने एका तट्टूच्या तोंडाची रुंदी मोजली आणि म्हणाला, "तोंड लहान आहे याचं. तयार कडी आणली तर टोचेल बिचाऱ्याला." मग चार दिवस बसून त्याने मला घासलं, गुळगुळीत केलं आणि शेवटी कानाजवळ धरून हलवलं. माझ्या रिंगा किणकिणल्या. "वाजते छान," तो म्हणाला. आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. पण त्या वाजण्याची आता मला धास्ती वाटते. का, ते सांगतेच.

ज्याचं माप घेतलं त्या तट्टूचं नाव बटाट्या. रंगाने तसाच, आकारानेही तसाच. वय चार वर्षं, पोट गोल, पाय आखूड आणि डोळ्यांवर झुलपं. लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या एका शाळेत त्याला आणलं होतं. शाळा मास्तरांची. त्यांची भाची अंगाने हलकी, म्हणून नवीन जनावरं तयार करायचं काम तिच्याकडे असे. तिसरे तात्या, तिथले मोतद्दार. दाणापाणी, खरारा, झाडलोट आणि संध्याकाळी माझी आंघोळ ही सगळी त्यांची कामं. माणसं तिघंही चांगली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही कुणाला तरी दोष द्यायला निघाल.

पहिले काही महिने आमचं मस्त जमलं. थंडीत भाची मला आधी दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची आणि मगच बटाट्याच्या तोंडात घालायची. तो मला हळूहळू चघळायचा. मैदानात गोल फिरताना माझ्या रिंगा वाजायच्या आणि त्याचे कान त्या तालावर हलायचे. मला वाटायचं, लोहाराने आपल्याला नेमकं यासाठीच घडवलंय.

मग एके दिवशी उजवीकडे वळताना त्याने मान झटकली.

काय झालं ते मला लगेच कळलं. उजव्या बाजूला, दाढांच्या अगदी पुढे, हिरडीखाली एक दात वर येऊ पाहत होता. शेंगदाण्याएवढा, पण टोकदार. असा दात काही घोड्यांना येतो, काहींना येत नाही. आला तरी सगळ्यांनाच सलतो असं नाही. बटाट्याचा सलत होता. उजवी वादी ओढली की माझी उजवी कांडी थेट त्यावर जाऊन आपटायची. त्याच्या सर्वांगातून कळ जायची आणि ती सर्वांत आधी मला कळायची, कारण तो मलाच करकचून चावायचा.

मी काय करणार होते? मला तोंड नाही. मी दुसऱ्याच्या तोंडात राहते.

बटाट्याने मला चुकवायचे नाना उपाय शोधून काढले. मान आभाळाकडे करायची म्हणजे माझा दाब ओठांच्या कोपऱ्यावर जातो, हनुवटी छातीला लावायची म्हणजे मी ढिली पडते, जबडा वासायचा, जीभ माझ्याखालून काढून वर टाकायची. डावीकडे तो लोण्यासारखा वळायचा. उजवीकडे म्हटलं की खांब. भाचीच्या नाकी नऊ आले.

"मामा, हा मुद्दाम करतोय असं नाही वाटत मला," ती म्हणायची.

"मुद्दामच करतोय," मास्तर म्हणायचे. "दुखत असतं तर दोन्हीकडे दुखलं असतं. एका बाजूलाच दुखणं कसं येईल? सवयीचा गुलाम आहे तो. सवय मोडावी लागेल."

मग उपाय सुरू झाले. आधी मला मध चोपडला. बटाट्याने मध चाटून घेतला आणि वळायच्या वेळी पुन्हा मान वर केली. मग नाकावरचा पट्टा आवळला, म्हणजे जबडा वासता येऊ नये. त्यामुळे दुखलं तरी ओरडायची सोय गेली, बाकी काही झालं नाही. मग मास्तर म्हणाले, कडी खाली लोंबतेय, गालावरचा पट्टा एक भोक वर घ्या. ओठांच्या कोपऱ्यात दोन सुरकुत्या पडायला हव्यात, हा त्यांचा जुना नियम होता. नियम बरोबर होता. पण त्या एका भोकाने मी वर सरकले ती थेट त्या दातापाशी. आता वादी ओढायचीही गरज उरली नाही, तो नुसता चालला तरी मी त्याला टोचत होते.

तुम्ही म्हणाल, कुणी तोंडात बघितलं कसं नाही? बघितलं. मास्तरांनी तीनदा बघितलं, तात्यांनी तर रोज. पण घोड्याची सगळी कामं डावीकडून करायची, हा त्या शाळेतला पहिला धडा. खोगीर डावीकडून चढवायचं, लगाम डावीकडून घालायचा, स्वारही डावीकडूनच चढायचा. एखादं पोर चुकून उजवीकडे गेलं तर मास्तर त्याला कुंपणापर्यंत परत पाठवून पहिल्यापासून सुरुवात करायला लावत. चाळीस वर्षांत हे त्यांच्या हाडीमासी इतकं खिळलं होतं, की ते तोंड तपासायलाही डावीकडेच उभे राहायचे. डाव्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घालायचा, गाल बाहेर ओढायचा, वाकून बघायचं. "आरशासारखं स्वच्छ तोंड आहे," ते म्हणायचे. डावी बाजू होतीच आरशासारखी. कुणी खोटं बोलत नव्हतं.

आणि तात्यांचा तर मला भारी राग यायचा, तोही त्यांच्या चांगुलपणाचा. रोज संध्याकाळी माझ्या उजव्या कांडीवर लाळेत मिसळलेला लालसर डाग असायचा. तो एक डाग कुणाला दिसला असता तर सगळं उलगडलं असतं. पण तात्या कामात असे चोख, की लगाम उतरवला रे उतरवला की मला बादलीत बुडवायचे, घासायचे आणि फडक्याने लख्ख पुसून खिळ्याला टांगायचे. मला जे सांगायचं होतं ते रोज धुतलं जायचं. मी चकाकत लटकत राहायचे.

शेवटी मास्तरांनी हात टेकले. "नवी मुलं पंधरा दिवसांनी येतील. तोवर हा उजवीकडे वळला तर ठीक. नाहीतर व्यापाऱ्याला सांगतो, गाडी ओढायला घेऊन जाईल. मुलांच्या जिवाशी खेळ नको."

"गाडीला जुंपलेल्या तट्टांचं काय होतं ते तूच सांगितलंयस मला," भाची म्हणाली.

मास्तरांना ते माहीत होतं.

पंधरापैकी बारा दिवस भाचीने जिवाचं रान केलं. तेराव्या दिवशी, मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात, तिने हळूच वादी ओढली. खरंच हळूच ओढली, मी साक्षीदार आहे. पण मी त्या दातावर उतरले आणि बटाट्या मागच्या दोन पायांवर उभा राहिला. ती डाव्या खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो आवाज माझ्यामुळे झाला, हे मी कितीही नाही म्हटलं तरी खरंच आहे.

त्या संध्याकाळी मास्तर ओरडले नाहीत. "बास झालं," एवढंच म्हणाले आणि फोन लावला. व्यापारी उद्या सकाळी दहाला येणार होता.

सकाळी भाची आली ती डावा हात गळ्यात बांधून. व्यापाऱ्याने सांगितलं होतं, लगाम घालून चालवून दाखवा. तात्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

"मी घालते," ती म्हणाली. "आजच्या दिवस."

"एका हाताने कसं जमेल, बाई?"

"तुम्ही तिकडून पट्टे धरा, मी इकडून तोंड उघडते."

डावीकडे उभं राहिलं की तोंडापाशी जातो तो डावा हात. तो तर झोळीत होता. म्हणून ती बटाट्याला वळसा घालून उजवीकडे गेली. मास्तर दारात उभे होते. एरवी त्यांनी हटकलं असतं. पण मोडक्या हाडाच्या पोरीला काय बोलणार?

तिने उजव्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घातला आणि बटाट्या पायापासून कानापर्यंत थरथरला. ती थांबली. अंगठा हिरडीवरून हळूच पुढेमागे फिरवला. मग मला तात्यांच्या हाती परत देऊन म्हणाली, "मामा, इकडे ये."

"काय झालं?"

"इकडे. उजवीकडे."

मास्तर आले. तबेल्यात त्यांना त्या बाजूने जाताना मी पहिल्यांदाच बघत होते. ते वाकले, गाल ओढला आणि त्यांना हिरडीतलं ते टोक दिसलं.

"मी बघितलं होतं गं तोंड," ते म्हणाले. "तीनदा बघितलं होतं."

"कुठल्या बाजूने, मामा?"

व्यापारी आला तेव्हा मास्तर स्वतः फाटकापर्यंत गेले आणि त्याला तिथूनच परत पाठवलं. दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सुई दिली, हिरडी बधिर केली आणि तो दात काढून मास्तरांच्या तळहातावर ठेवला. मास्तरांनी तो शर्टाच्या खिशात टाकला.

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता दात गेला, दुखणं गेलं, आता आम्ही दोघं पहिल्यासारखे. हिरडी भरायला तीन आठवडे लागले आणि मी एकेक दिवस मोजत होते.

मग भाची मला घेऊन त्याच्याकडे गेली. एका तळव्यात धरून तिने मला ऊब दिली, मध लावला. चालताना माझ्या रिंगा किणकिणल्या. बटाट्या माझ्या आवाजासरशी मागे सरकला आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकतच राहिला. तिने महिनाभर प्रयत्न केला. कधी मी तिच्या खिशात असायचे, कधी दाण्याच्या टोपलीत. तो मान फिरवायचा, रागाने नाही, भीतीने.

ज्यांनी पट्टा आवळला त्या मास्तरांच्या हातून तो आता गाजर खातो. तात्यांच्या खांद्यावर मान टाकून डुलक्या घेतो. दात उपटणाऱ्या डॉक्टरीणबाईंचीही बाही त्याने परवा लाडाने चावली. सगळ्यांना माफी मिळाली. मला नाही. आणि त्याचं तरी काय चुकलं? त्याने मास्तरांचा नियम पाहिला नव्हता, वादी ओढणारा हात पाहिला नव्हता. त्याला टोचत होते ती मी. मी तुझ्या मापाची आहे रे, तुझ्यासाठीच घडले, असं मी त्याला कुठल्या भाषेत सांगू?

"राहू दे," शेवटी भाची म्हणाली. "नाही जमत तर नाही." आता त्याला नुसता नाकावरच्या पट्ट्याचा लगाम घालतात, तोंडात काही नाही. तेवढ्यावर तो छान वळतो, उजवीकडेसुद्धा. मास्तरांच्या पहिल्या धड्यात एक वाक्य वाढलंय. चढायचं डावीकडूनच, पण आधी जनावराला पूर्ण फेरी मारून यायचं. ते सांगताना त्यांचा हात खिशाकडे जातो.

मी सामानाच्या खोलीत खिडकीजवळच्या खिळ्याला असते. माझ्या मापाचं दुसरं तोंड इथे नाही. तुमचं एखादं जनावर मान झटकत असेल, तर त्याला हट्टी म्हणायच्या आधी जरा पलीकडच्या बाजूने जाऊन या, एवढं सांगायला मी आज बोलले.

आणि एक विनंती माझ्यासाठी. खोगीर काढता-ठेवताना मला धक्का लावू नका. जमलं तर माझ्या रिंगांना एखादं फडकं गुंडाळा. खिडकीबाहेर बटाट्या एखाद्या पोराला पाठीवर घेऊन उजवीकडे वळत असतो. मी वाजले की तो चालता चालता थबकतो.