बाटलीतला कापूस

खुर्चीला अडकवलेली पिशवी निसटली, आणि तिच्यातली पांढरी बाटली खुळखुळत शिलाई मशीनखालून थेट मालकिणीच्या पायाशी जाऊन थांबली.

झुंबरनं मशीन थांबवलं. वाजू नये म्हणून रोज ती बाटलीत कापूस ठासून भरायची. गोळ्या कमी होतील तसा जास्त. आज घाईत विसरली, आणि आजच मेलीनं दगा दिला.

"काय गं ते?" शेजारी बसून शर्टांची काजं करणारी बाई तशी तिखट कानाची.

"व्हिटॅमिनच्या गोळ्या." एरवी जपून बोलणाऱ्या झुंबरचा आवाज ऐनवेळी घोगरा निघाला.

मालकिणीनं बाटली उचलली. लेबल नखानं खरवडलेलं होतं.

"आत ये," ती म्हणाली.

कानातली मोठाली झुंबरं पाहून इथल्या बायकांनीच तिला हे नाव दिलं होतं. ती मुलगा म्हणून जन्मली हे ठाऊक असूनही त्या तिला बाईच मानत, चहाला सोबत घेत. आधीच्या कारखान्यातही घेत होते. तिथे एचआयव्हीच्या गोळ्या सापडल्या, त्या दिवशी तिचा कप कचऱ्यात गेला आणि पाठोपाठ ती रस्त्यावर. ज्या रस्त्यावर हे दुखणं जडलं, त्याच रस्त्यावर. कंडोमशिवाय नाही म्हटलं की तिथे गिऱ्हाईक मारायचं, आणि पोलिसाकडे गेलं तर तो हसायचा. तिथे तिला मरेपर्यंत परत जायचं नव्हतं.

पडद्यामागे मालकीण कात्रीनं उशीचा कोपरा उसवत होती.

"ताई, शिवण्यातून हे कुणाला होत नाही. हवं तर डॉक्टरांना विचारा. पण मला काढू नका, पाया पडते."

"गप बस जरा."

मालकिणीनं उशीतून कापसाचा पुंजका ओढला, बाटलीत बोटानं दाबून बसवला, झाकण लावलं आणि बाटली कानाशी नेऊन हलवली. पुन्हा उघडून आणखी थोडा भरला. आता आवाज आला नाही.

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या धाकट्या भावाला मीच भरून द्यायचे." ती उशी टाचू लागली. "एकदा विसरले. चारचौघांत वाजली. त्यानं लाजेनं गोळ्याच सोडल्या."

दोरा तोडायला तिनं मान वळवली, ती बराच वेळ तशीच राहिली.

बाहेर येताच काजं करणारीनं विचारलंच, "कसल्या गोळ्या हो, ताई?"

"शक्तीच्या. मीसुद्धा सुरू करणार आहे. तू काजं कर."

झुंबरनं पिशवी पुन्हा खुर्चीलाच अडकवली. पहिली शिवण वाकडी गेली. मालकिणीनं ती पाहिली आणि पुढचं कापड तिच्यासमोर ठेवलं.