पाहुण्याला पाणी

आमच्या कोळत्तूरमध्ये दर तिसऱ्या घरात मासे पाळतात, पण गोड्या पाण्यातले. सकाळी चिमूटभर दाणे टाकले की त्यांचं संपलं. आमच्या घरात मात्र समुद्र आहे. चारशे लिटरचा, हॉलमध्ये, देवांच्या फोटोंसमोरच्या भिंतीला लागून. माझ्या नवऱ्याने, एळिलनने, लग्नाआधी वर्षभर खपून तो उभा केला आणि मला त्याच्यासमोर उभं करून तो बोटीवर निघून गेला. बोटीवर तो इंजिनियर आहे. वर्षातले सात महिने खरा समुद्र त्याच्याकडे आणि खोटा माझ्याकडे, अशी आमची वाटणी.

खरा समुद्र बरा, त्याला कोणी सांभाळावं लागत नाही. इथे पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून जेवढं आटेल तेवढं फिल्टरचं गोडं पाणी रोज वरून घालायचं. आठवड्याला चाळीस लिटर खारं पाणी कालवायचं, दिवसभर घुसळत ठेवायचं, मोजायचं, मग बदलायचं. ऊन वाढलं की टाकीला पंखा, वीज गेली की बॅटरीवर हवा. सहा वर्षांत माहेरी, तिरुनेलवेलीला, मी दोन रात्रींच्या वर राहिलेली नाही. बहिणीच्या लग्नात तिच्या गळ्यात ताळी बांधून झाली आणि मी जेवणाच्या पानावरून उठून गाडी पकडली. सगळ्यांना वाटलं, पूंगोडी सासरला किती धरून आहे! मी माशांना धरून होते.

अशात नोव्हेंबरमध्ये नेमणुकीचं पत्र आलं. नागरकोविलच्या सरकारी शाळेत विज्ञानाची शिक्षिका. परीक्षा देऊन इतकी वर्षं झाली होती की मी आशा सोडली होती. पाच डिसेंबरला, सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा मोठ्याने वाचलं, अत्तैंना ऐकू जावं म्हणून. अत्तै म्हणजे माझ्या सासूबाई.

एळिलन नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नाही, तीच तर पंचाईत आहे. "जा ना. तुला कोण अडवतंय? फक्त टाकी सुरळीत असू दे म्हणजे झालं."

आणि टाकीने नेमका तोच महिना धरला. आधी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग दोन झिंगे मेले, आठवड्याच्या अंतराने. हाताच्या पंजाएवढं फुलणारं समुद्रफूल आक्रसून लिंबाएवढं झालं. त्यात राहणारी नारिंगी माशांची जोडी मात्र ठणठणीत, जणू घरात काही झालंच नाही. मी मीठ मोजलं, अमोनिया मोजला, नायट्रेट मोजलं. सगळं जिथल्या तिथे. पाणीसुद्धा त्या महिन्यात कमी आटत होतं. मला वाटलं, पावसाळी हवा आहे, दमट आहे.

"तुझं लक्ष उडालंय," एळिलन फोनवर म्हणाला. "टाकीला कळतं ते."

"टाकीला कळतं, तुम्हाला कळत नाही," मी म्हणाले. पण फोन ठेवल्यावर.

मग त्यानेच तोडगा काढला. नवा झिंगा आण, टाकीत सोड. आठ दिवस जगला तर पाणी चांगलं, मग तू खुशाल जा. मेला तर मी येईपर्यंत थांब. तो येणार होता मार्चमध्ये. माझी सहा वर्षांची वाट आता बोटभर झिंग्याच्या मिशांवर टांगली गेली.

आमच्या गल्लीतल्या ज्ञानप्रकासम अण्णांच्या दुकानात मी शनिवारी गेले. अण्णा पिशव्यांना रबर लावत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"मासे जिवंत आणि बिनहाडाचे मेले?" अण्णा म्हणाले. "तांबं आहे बघ पाण्यात. माशाला थोडं चालतं, झिंग्याला चालत नाही. औषध घातलंस?"

"नाही, अण्णा."

"तार? नाणं? पंपात उघडा पडलेला एखादा स्क्रू? पोरंटोरं नवस बोलून नाणी टाकतात गं, मंदिराचं तळं समजून."

"आमच्या घरात पोर नाही आणि नवस मी एकटीच बोलते."

अण्णा हसले. तांबं मोजायचं द्रव्य मागवायला दहा दिवस लागणार होते. माझ्याकडे आठच होते. तांबं शोषून घेणारी एक पुडी त्यांनी दिली. घरी येऊन मी पंप उघडून बघितला, वाळू चाळली, अर्धं पाणी बदललं, पुडी फिल्टरमध्ये ठेवली. तार नाही, नाणं नाही. रविवारी सकाळी लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेला झिंगा घेऊन आले.

नव्या जिवाला टाकीत एकदम सोडत नाहीत. आधी पिशवी तशीच टाकीत तरंगवायची, ऊब सारखी होईपर्यंत. मग त्याला त्याच्या पाण्यासकट बादलीत घ्यायचं, आणि टाकीतून बारीक नळी सोडून, तिला गाठ मारून, थेंब थेंब पाणी त्याच्यावर पाडायचं. मासा असला तर तासाभरात भागतं. झिंग्याला दोन-तीन तास लागतात, कारण पाण्याची चव जरा झटकन बदलली तरी तो आतून फाटतो. मी स्टूल घेऊन बादलीशी बसले आणि थेंब मोजत राहिले. दीड तास झाला. झिंगा मिशा हलवत होता, बादलीची कड चाचपत होता. मला तो फार आवडला. "जग रे बाबा," मी त्याला म्हणाले. "आठ दिवस जग, मग तुला काय करायचं ते कर."

बेल वाजली. गॅसचा सिलिंडर आला होता. सही करून परत आले तो अत्तै बादलीवर वाकलेल्या. हातात देवघराजवळच्या कळशीतलं पाणी भरलेला लोटा. तांब्याची कळशी, तांब्याचा लोटा, रात्रभर मुरलेलं पाणी. आम्ही दोघी तेच पितो. त्यांनी ते सगळं बादलीत ओतलं.

"अत्तै!"

"अगं, ओरडतेस काय? प्रवासातून आलंय बिचारं. दीड तास त्याला तू थेंब थेंब पाजतेस. घरी आलेल्याला आधी पाणी द्यावं की नाही? शत्रूलासुद्धा देतात."

झिंगा एकदा उलटा झाला, परत सुलटा झाला. मी त्याला चाळणीत उचललं, कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्यात नेलं, नळी बदलली. मग अण्णांचं बोलणं डोक्यात वाजलं.

"अत्तै, हे पाणी तुम्ही टाकीतपण घालता?"

"घालते की. रोज सकाळी, तू उठायच्या आत."

"कधीपासून?"

"तुझं पत्र आलं तेव्हापासून." त्या लोटा पदराने पुसत होत्या. "तू गेल्यावर कोण घालणार? मला त्यातलं काही येत नाही. म्हटलं, हाताला सवय लावून घेऊ. तू घालतेस ते फिल्टरचं पाणी, त्यात काही जीव नाही. मी आपलं चांगलं पाणी घालत होते. एक थेंब बाहेर सांडला नाही बघ महिन्यात."

मला त्यांना दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. यातलं एकही केलं नाही. घरातल्या एकाच माणसाला मी जावं असं वाटत होतं, आणि त्याच माणसाने महिनाभर, न चुकता, न सांडता माझी वाट बुजवली होती.

झिंगा संध्याकाळी चारला गेला.

सातला एळिलनचा फोन आला. बोट सिंगापूरला लागली होती, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसत होतं. "झिंगा दाखव."

मी सांगितलं. तांबं होतं, तेही सांगितलं.

"तांबं आलं कुठून?"

अत्तै स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचं नाव घेतलं तर माझ्या मागे टाकी सांभाळायला कोणीच उरत नव्हतं.

"माझ्याकडून झालं," मी म्हणाले. "चुकून कळशीतलं पाणी घातलं."

तो मायेने, अगदी मायेने म्हणाला, "बघ पूंगोडी, तुझ्याकडूनसुद्धा सहा वर्षांनी अशी चूक होते. मग अम्माच्या भरवशावर टाकी कशी ठेवायची तूच सांग. मार्चपर्यंत थांब. नोकऱ्या काय, परत निघतात."

त्याचं सगळं बरोबर होतं. त्याचं नेहमीच सगळं बरोबर असतं, आणि प्रत्येक बरोबर गोष्टीने भिंत एक वीट वर जाते. मी "बरं" म्हणणार होते. खरंच म्हणणार होते.

अत्तैंनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांना तो धरता येत नाही. पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळच दिसत असणार.

"पाणी मी घातलं," त्या म्हणाल्या. "ती खोटं बोलते."

"अम्मा, तू? म्हणूनच सांगतोय, तुला त्यातलं—"

"माझ्या भरवशावर टाकी कशी ठेवायची म्हणतोस? तुझ्या अप्पांनी तुला माझ्या भरवशावर ठेवलं आणि ते अकरा वर्षं कुवेतला राहिले. मेलास का तू?"

अत्तैंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मासे जगतात ना? मग मासे मी बघते. झिंगे तू आल्यावर आण. रविवारच्या गाडीने ती चाललीय."

त्यांनी फोन बंद करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून तो उशीखाली ठेवला.

आठवडाभर मी त्यांना शिकवलं. प्लास्टिकचा डबा, प्लास्टिकचा मग, काचेवर लाल टिकली लावून दिली, पाणी तिथवर. मीठ कसं कालवायचं, वीज गेल्यावर कोणतं बटण. त्या प्रत्येक गोष्ट दोनदा करून दाखवत होत्या आणि माझी परीक्षा घेतल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. समुद्रफूल थोडं उघडलं होतं. एळिलनने रोज फोन केला आणि रोज फक्त पाण्याबद्दल विचारलं.

रविवारी रिक्षा खाली थांबली होती. मी बॅग दाराशी आणली तेव्हा अत्तै फोनवर होत्या. कुंभकोणमहून त्यांची थोरली बहीण. मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा, महिना दोघी बहिणी दरवर्षी तिथे एकत्र काढतात, पहाटे दारात कोलमची रांगोळी घालतात, देवळात जातात, दिवसभर भांडतात. ती विचारत होती, कोणत्या गाडीने येतेस.

"नाही गं अक्का, यंदा जमायचं नाही," अत्तै म्हणाल्या. "घरी मासे आहेत ना."

सहा वर्षं हेच मी माझ्या आईला सांगत आले होते, याच आवाजात, कोणाचा राग न येऊ देता. दारात मी किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. थांबते म्हणाले असते तर त्यांनी मला हाकललं असतं, पण मी तेवढंही म्हणाले नाही. मला भीती वाटली, न जाणो, हो म्हणतील. मी वाकून त्यांच्या पाया पडले, बॅग उचलली आणि जिना उतरले. खाली रिक्षावाल्याने वर बघत विचारलं, घरी कोणी आहे का, दार उघडंच राहिलंय.

"आहेत," मी म्हणाले. "त्या कुठे जात नाहीत."